दहा पावलांवरचं सोंग

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की नाशिकच्या नव्या वस्त्यांतल्या एखाद्या सोसायटीच्या ग्रुपवर निरोप येतो: 31 तारखेला संध्याकाळी हॅलोविन, मुलांनी भुताचा वेश करून पार्किंगमध्ये जमायचं, प्रत्येक मजल्यावर एक दार सजवायचं. तेव्हा हातात जेमतेम चार-पाच दिवस असतात आणि दिवाळीचा खर्च एक तर नुकताच उरकलेला असतो, नाही तर समोर उभा असतो. मग घाईघाईने काळा झगा मागवला जातो, प्लॅस्टिकचा सांगाडा येतो, कोळ्याच्या जाळ्याचं पाकीट येतं. झगा एक संध्याकाळ अंगावर राहतो आणि पुढच्या वर्षी आखूड होतो. हा खर्च टाळता येतो, आणि तो टाळून केलेलं सोंग बहुतेक वेळा जास्त चांगलं वठतं. कारण सोंग ही हातात घेऊन निरखायची वस्तू नव्हे. ते दहा पावलांवरून, अर्ध्या उजेडात, हलताना बघितलं जातं. विकतच्या पोशाखात पैसे जातात ते कापडाची चकाकी, छापील हाडं, लेस आणि बटणं यांवर. दहा पावलांवर यातलं काहीच उरत नाही.

याचा पुरावा जिल्ह्यातच आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत आणि घाटाखाली जव्हार-मोखाड्याकडे होळीनंतर पावसाळा लागेपर्यंत गावोगाव बोहाडा होतो; कुठे त्याला भोवाडा म्हणतात. रात्र रात्र सोंगं नाचतात. आधी गणपती आणि सरस्वती, मग नरसिंह, भीम, बकासुर, त्राटिका, वेताळ, दहा तोंडांचा रावण. संबळ आणि पिपाणीच्या तालावर सोंग लांबून निघतं, पुढे टेंभे धरलेले असतात, बघणारे दोन्ही बाजूंना दाटीने बसलेले असतात, आणि त्यांच्या मधून ते नाचत नाचत देवाच्या दिशेने येतं. आपल्या कामाचं सगळं या मांडणीत आहे. लांबून येणाऱ्या सोंगाचा आधी आकार दिसतो, चेहरा फार उशिरा. टेंभ्याचा उजेड बाजूने आणि खालून पडतो, एका जागी ठरत नाही, त्यामुळे मुखवट्यावरच्या सावल्या हलतात आणि लाकडाचं तोंड जिवंत वाटू लागतं. शिवाय सोंग कधी नुसतं उभं राहत नाही. हे मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात, रंग दोन-चार आणि भडक, डोळ्यांभोवतीच्या रेघा बोटाएवढ्या जाड. दिवसा हातात घेऊन पाहिलं तर कुंचल्याचे फराटे दिसतील. रात्री त्याच फराट्यांचं रूप होतं. बारीक कोरीव काम करून ते मिळालं नसतं, कारण बारीक काम त्या उजेडात विरून जातं.

बोहाड्याकडून काय घ्यायचं आणि काय घ्यायचं नाही, हे मात्र इथेच सांगायला हवं. तिथले मुखवटे पूजेतले आहेत, कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं याचे मान पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहेत. तेव्हा तिथला गणपती किंवा जगदंबा उचलून पार्टीचं सामान करू नये. घ्यायची ती कारागिरी आणि नजर.

आता उजेडाबद्दल. 19व्या शतकाच्या सुरुवातीला यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की भर दिवसा निळ्यापेक्षा उठून दिसणारी लाल फुलं पहाटेच्या अंधुक उजेडात काळपट दिसतात आणि निळी उजळ वाटतात. अंधारात डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम करू लागतात, त्यांना लाल रंग जवळपास कळत नाही. याचा खिशाशी थेट संबंध आहे. रक्ताची बाटली, लाल ठिपक्यांचा सदरा, लाल झालर यांवर घातलेला पैसा पार्किंगच्या मिणमिणत्या कोपऱ्यात बुडतो. बघणाऱ्याला नुसते काळे डाग दिसतात. टेंभ्याच्या किंवा पिवळ्या बल्बच्या जवळ तोच लाल पेटून उठतो, कारण त्या उजेडातच तांबूसपणा भरपूर असतो. म्हणून आधी उजेड ठरवा, मग रंग आणा. नाशिकला 31 ऑक्टोबरला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, सातपर्यंत चांगलं अंधारतं. आदल्या संध्याकाळी सातला पार्किंगमध्ये पांढरं, लाल, निळं आणि पिवळं अशी चार फडकी दोरीवर टाका, दहा पावलं मागे जा आणि बघा. जे फडकं दिसतं त्या रंगाची बाटली आणायची. चारही बाटल्या आणायची वेळ सहसा येत नाही. पांढरा आणि काळा यांत निम्मं काम होतं.

उजेड ठरवणं म्हणजे दिव्यांच्या माळा विकत घेणंही नव्हे. सोसायटीत सांगून दोनपैकी एक ट्यूब दीड तास बंद ठेवायला लावली तर जो परिणाम साधतो तो कोणत्याही दुकानात मिळत नाही. उरलेला उजेड जमिनीवरून यावा. माणसाचा चेहरा आपण जन्मभर वरून पडलेल्या उजेडात पाहतो, कपाळ उजळ आणि हनुवटीखाली सावली. हे उलटं झालं की ओळखीचा चेहराही परका वाटतो. जुना पत्र्याचा डबा घ्या, त्यात ओली वाळू ठासून भरा आणि खिळा-हातोडीने डोळे, नाक, दात यांच्या ओळीने भोकं पाडा. वाळूमुळे पत्रा चेपत नाही, भोक स्वच्छ पडतं. वाळू काढा, पत्र्याच्या कडा कानशीने घासून घ्या, आत बॅटरीचा छोटा दिवा ठेवा. असे तीन डबे जिन्याच्या तीन पायऱ्यांवर ठेवले की दार सजवायचं निम्मं काम झालं, आणि खर्च फक्त दिव्यांचा.

दुसरा खर्च वाचतो तो आकारात. शेतातलं बुजगावणं बघा: दोन काठ्यांचा फुलीसारखा सांगाडा, वर पालथं मडकं, त्यावर चुन्याचे दोन डोळे, अंगात फाटका सदरा. पाखरांना फसवायला केलेलं असलं तरी संधिप्रकाशात बांधावरून येणारा माणूसही क्षणभर थबकतो. त्याच्यात माणसाचा एकच गुण आहे, खांद्यांची रेघ. म्हणून मुलाचा वेश करताना पहिला प्रश्न कापडाचा नसावा, बाह्याकृतीचा असावा. पाठीमागून दिवा धरला तर भिंतीवर पडणारी सावली नेहमीच्या मुलाची वाटते की आणखी कशाची? खांदे रुंद करायला सदऱ्याच्या आतून हँगर बांधा किंवा रद्दी चुरगळून पिशव्यांत भरा. उंची हवी तर डोक्यावर बांबूची टोपली पालथी बांधा आणि चादर टोपलीवरून सोडा. मूल चादरीला छातीपाशी पाडलेल्या खिडकीतून बघतं आणि सोंगाचं डोकं त्याच्या डोक्याच्या हातभर वर राहतं. हात लांब दिसावेत म्हणून बाह्यांतून लाटण्याएवढ्या काठ्या पुढे काढा. यातलं काहीही विकत आणायचं नाही.

कोणतं भूत करायचं हेही या हिशोबात बसतं. ड्रॅक्युलाला झगा लागतो, कॉलर लागते, सुळे लागतात, आणि ते सगळं बघायला जवळ जावं लागतं. मराठी भुतं त्या मानाने काटकसरी आहेत, त्यांची खूण एकेका गोष्टीत सामावलेली असते. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. त्याला आखूड धोतर, जानवं, शेंडी आणि अंगाला राखेसारखा पांढुरका रंग पुरे. (आपल्याकडे भुतांनाही जात सुटलेली नाही, मुंजा आणि ब्रह्मराक्षस ही ब्राह्मणांची भुतं. हे मुलांना सांगावं, त्यावर ती चांगले प्रश्न विचारतात.) हडळीची खूण उलटी पावलं. मुलीच्या पायांत काळे मोजे आणि जुन्या मऊ चपला घालायच्या. कातडीच्या रंगाच्या कापडाची दोन पावलं शिवायची, आत चिंध्या भरायच्या, बोटांच्या जागी दोऱ्याने आवळून पाच फुगवटे काढायचे आणि ती टाचेच्या मागच्या बाजूला शिवून टाकायची. काळे मोजे अंधारात नाहीसे होतात, मागे वळलेली पावलं तेवढी दिसतात. आईची जुनी पांढरी साडी घोट्याच्या चार बोटं वर येईल अशी नेसवली की पावलंही दिसतात आणि पाय अडकूनही पडत नाहीत. नाशिककरांना आणखी एक सोंग जवळचं: ज्या नाकावरून गावाला नाव पडलं असं सांगतात ती शूर्पणखा. लांब नखं दुधाच्या पिशवीची कापावीत, नाकावर मळकट पट्टी बांधावी. पंचवटीत वाढलेल्या मुलाला हे भूत समजावून सांगावं लागत नाही.

मुखवटा करायचा असेल तर मात्र वेळ हवा. पैशांची बचत इथे दिवसांत फेडावी लागते, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. पाच दिवस धरा. पहिल्या दिवशी साचा. शाडूची किंवा साधी चिकण माती पाटावर थापून तोंड करा. ते खऱ्या चेहऱ्यापेक्षा चांगलं दीडपट उठावाचं हवं: भुवया अंगठ्याएवढ्या, गाल चेंडूसारखे, नाक पुढे काढलेलं. सुंदर करण्याचा मोह टाळा. कागदाचे थर चढले की उठाव निम्मा बुजतो. खळीसाठी एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवा, चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरं मिश्रण थोडं पारदर्शक झालं आणि पळीवरून जाड धारेने पडू लागलं की उतरवा. चिंचोक्याची खळ याहून चिवट होते, पण चिंचोके भाजा, सोला, भिजवा, वाटा, शिजवा एवढी खटपट आहे. बुरशी आणि कीड लागू नये म्हणून पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालत आले आहेत. मुलांच्या तोंडावर बसणाऱ्या मुखवट्यात ते अजिबात नको, ते विष आहे. त्याऐवजी चमचाभर मेथी रात्री भिजवून, वाटून खळीत मिसळा. मेथीचा कडवटपणा किडीला दूर ठेवतो आणि तिचा बुळबुळीतपणा चिकटपणात भर घालतो.

वर्तमानपत्र कात्रीने कापू नका, फाडा. कापलेली कड सरळ आणि जाड राहते, तिची रेघ रंगातून उमटते. फाटलेल्या कडेचे तंतू एकमेकांत मिसळून जातात. कागद एका दिशेला सरळ पट्ट्यांत फाटतो आणि दुसऱ्या दिशेला वाकडातिकडा. सरळ फाटतो ती दिशा शोधून दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या काढा. साच्यावर पहिला थर नुसत्या पाण्यात बुडवलेल्या कागदाचा, खळीशिवाय, म्हणजे मुखवटा मातीपासून सुटून येतो. पुढचे थर खळीचे, एक आडवा, एक उभा. इथे एक युक्ती उपयोगी पडते: एक थर मराठी वर्तमानपत्राचा, पुढचा इंग्रजीचा लावायचा. मग कुठे थर पूर्ण झाला, कुठे राहिला ते अक्षरांवरूनच कळतं, मोजत बसावं लागत नाही. खळीचे पाच थर पुरतात. दोन थर झाले की एक दिवस उन्हात, मग पुढचे दोन, मग शेवटचा. पाऊस गेलेला असतो आणि ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, त्यामुळे नाशिकमध्ये हे काम या महिन्यात जसं होतं तसं जुलैत होणार नाही. टिचकी मारून बघा: आवाज पुठ्ठ्यासारखा कोरडा आला तर वाळला, मंद आला तर आत ओल आहे. ओल असताना साच्यावरून काढला तर मुखवटा आकसून वाकडा होतो. भुताला तेही चालतं म्हणा.

काढल्यावर डोळ्यांची भोकं वाटतात त्यापेक्षा मोठी पाडा, कडेला कापडाची पट्टी चिकटवा, आतून कपाळाच्या आणि गालांच्या जागी जुन्या बनियनचा तुकडा लावा म्हणजे घामाने कागद मऊ पडत नाही. रंगाआधी खडूची पूड आणि फेविकॉल पाण्यात कालवून एक हात द्या. वर्तमानपत्राची शाई खालून डोकावत नाही आणि पोस्टर कलर कमी लागतो. मग चेहऱ्याला एक रंग, डोळ्यांभोवती पांढरं, त्याबाहेर काळी जाड रेघ. इथे थांबा. प्रत्येक जास्तीचा रंग दहा पावलांवरून चिखल होतो. मैदा, मेथी, खडू, फेविकॉल आणि दोन बाटल्या रंग मिळून दोनशे-अडीचशे रुपयांच्या आत काम होतं, आणि त्या साहित्यात तीन मुखवटे निघतात.

दाराच्या सजावटीत नाशिकला एक गोष्ट फुकट मिळते, ती बहुतेक शहरांना मिळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निफाड, दिंडोरीकडे द्राक्षांची गोडी छाटणी चालते. छाटलेल्या काड्यांचे ढीग बांधावर पडतात. काही शेतकरी त्यांचा भुगा करून बागेतच घालतात, बाकीच्यांना त्या उचलायला माणूस हवाच असतो. विचारून एक मोळी आणा. वाळलेली द्राक्षकाडी गाठीगाठींवर वाकते, टोकाला तिचे तणावे कुरळे होऊन राहतात. दाराच्या चौकटीवर अशा वीस-पंचवीस काड्या सुतळीने बांधून खालून दिवा लावला की भिंतभर हाडकुळी बोटं उमटतात. बागेवर फवारण्या झालेल्या असतात, तेव्हा काड्या आधी धुवून उन्हात टाका आणि हे काम मोठ्यांनीच करा. कांद्याची जाळीदार गोणी उसवून काड्यांवर ताणली, मधे मधे फाडली, की कोळ्याचं जाळं झालं. लाल असेल तर वर चुन्याचा हात फिरवा, मघाचं कारण लक्षात असेलच. मक्याची वाळकी ताटं याच दिवसांत मिळतात, ती दाराच्या दोन बाजूंना. किसलेल्या नारळाच्या करवंट्या टाकू नका. शेंडी काढलेल्या नारळावर तीन डोळे असतात. पोर्तुगीज खलाशांना त्यांत बागुलबुवाचं तोंड दिसलं आणि नारळाचं कोको हे नाव त्यावरूनच आलं असं मानतात. डोळ्यांकडची करवंटी खडूच्या पाण्यात बुडवून वाळवली की मुठीएवढी कवटी तयार.

भोपळ्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण त्याच्यावाचून हॅलोविन नाही अशी समजूत आहे. आपला लाल भोपळा, म्हणजे डांगर, परदेशी चित्रांतल्या भोपळ्यापेक्षा जाड गराचा आणि चपटा. त्याला कोरताना सुरी घसरते. मोठ्या माणसाने देठाकडून न कापता बुडातून गोल भोक पाडावं, गर चमच्याने खरवडून काढावा आणि पोकळ भोपळा दिव्यावर टोपीसारखा ठेवावा. ऑक्टोबरच्या उकाड्यात तो दोन दिवसांत मऊ पडून वास मारतो, म्हणून 30 तारखेच्या रात्रीआधी कापू नका. गराचे घारगे करा, बिया धुवून भाजा. खाल्ल्यावर भोपळ्याचा खर्च सजावटीत धरायचं कारण उरत नाही. आणि भोपळा नसला तरी बिघडत नाही. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये हे दिवे सलगम कोरून करत. 19व्या शतकात तिकडचे लोक अमेरिकेत गेले, तिथे भोपळा मुबलक होता, तो कोरायला मऊ आणि मोठा, म्हणून भोपळा आला. जे हाताशी आहे ते कोरायचं, ही मूळची रीत आहे.

इथेच एक आक्षेप येतो: हा आपला सण नाही, मग त्यापायी एवढा खटाटोप कशाला? सण आपला नाही हे खरं. ज्यांना तो नको त्यांनी न करण्यात काही गैर नाही. पण त्यातली कला परकी आहे हे खरं नाही. 2024 साली 31 ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. त्या पहाटे गोव्यात नरकासुर जाळले गेले: बांबूचा सांगाडा, आत गवत, वर रद्दीचे थर, भेसूर रंगवलेलं तोंड. त्याच संध्याकाळी जगात दुसरीकडे हॅलोविन झाला. दोन्हींच्या सामानाची यादी केली तर फारसा फरक निघत नाही. नाशिकमध्ये धुळवडीला वीर निघतात, घरातला वीर गोदावरीवर नेतात, मुलं देवांचे आणि योद्ध्यांचे वेश घेऊन मिरवतात. 31 ऑक्टोबरला केलेला कागदी मुकुट आणि मुखवट्याचा सराव मार्चमध्ये तिथे उपयोगी पडेल. आकाशकंदिलाचंही तसंच. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा एकदाच बांधा, आधी काळा आणि जांभळा पतंगी कागद लावून त्याला तोंड काढा. 2026 साली लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, आठवड्याभरात तोच सांगाडा नव्या कागदात दिवाळीला टांगता येईल.

भुताखेतांचा खेळ केल्याने अंधश्रद्धा वाढते, हा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ज्या राज्याने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला तिथे तो हसण्यावारी नेऊ नये. माझं मत असं, की ज्या मुलाने मुखवट्याचा पाचवा थर स्वतः चिकटवला आहे त्याला भूत कशाचं असतं हे पुरतं कळलेलं असतं. भीती वाढते ती तयार, न उलगडलेल्या वस्तूची. पण सजावटीत काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. लिंबू, टाचण्या, हळद-कुंकू, काळी बाहुली, कणकेचा पुतळा असलं काही दारात मांडू नये. ते नाटक आहे हे तुम्हाला ठाऊक असतं. जिन्याने जाणाऱ्या कामवाल्या मावशींना किंवा शेजारच्या आजींना ते करणीसारखं वाटू शकतं, आणि असल्या संशयाने घराघरांत वैर झालेली उदाहरणं आपल्याकडे कमी नाहीत. क्रूस लावलेल्या खोट्या कबरीही नकोत. 2 नोव्हेंबरला वसईत आणि गोव्यात लोक आपल्या माणसांच्या कबरी साफ करून फुलं आणि मेणबत्त्या लावतात. तो त्यांचा खरा दिवस आहे.

माझ्या मूळ मुद्द्यावरचा खरा आक्षेप मात्र मोबाइलचा आहे. सोंग दहा पावलांवरून बघितलं जातं हे टेंभ्यांच्या काळी ठीक होतं, आता प्रत्येक जण दोन फुटांवरून फोटो काढतो आणि त्यात खळीची सुरकुतीसुद्धा दिसते. हे खरं आहे, आणि शाळेतल्या भर दुपारच्या वेशभूषा स्पर्धेलाही तेच लागू पडतं. दिवसाउजेडी जवळून बघायचं असेल तर अर्ध्या अंधाराचे फायदे मिळत नाहीत. तिथे सगळा पोशाख चांगला करण्याऐवजी एकाच ठिकाणी बारकाई करा, हात किंवा डोकं, आणि बाकीचं साधं एकरंगी ठेवा. परीक्षकाची नजर आपोआप तिथे जाते. रात्रीच्या फोटोसाठी फ्लॅश बंद करा, मूल डब्याच्या दिव्यापासून चार पावलांवर उभं करा आणि पूर्ण आकृती येईल इतक्या लांबून काढा. दुपारच्या एका कार्यक्रमासाठी एका मुलाला पोशाख भाड्याने आणणं स्वस्त पडत असेल तर खुशाल आणा. घरात दोन-तीन मुलं असतील, किंवा तेच सामान दर वर्षी वापरायचं असेल, तिथे घरच्या कामाचा हिशोब जिंकतो.

आणि जी गोष्ट भाड्याने मिळत नाही ती चाल. त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1919 साली ‘कालिया मर्दन’ केला तेव्हा कृष्ण झाली होती त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या सुरुवातीला ती आधी मंदाकिनी म्हणूनच समोर येते, चेहऱ्यावरचे एकेक भाव करून दाखवते, आणि मग कृष्णाच्या वेशात दिसते. आधी चेहरा, मग पोशाख. जो माणूस प्रोफेसर केळफा नावाने जादूचे प्रयोग करत असे त्याला प्रेक्षकाचे डोळे कुठे बघतात हे नेमकं ठाऊक असणार. तेव्हा 31 तारखेच्या आधी दोन संध्याकाळी, वेश न चढवता, मुलांना नुसतं चालायला शिकवा. हडळ पाऊल टाकताना गुडघा वाकवत नाही. वेताळ मान वळवत नाही, सगळं धडच वळवतो. मुंजा चालत नाही, उकिडवा बसून टक लावतो. मुखवट्याला पापण्या नसतात, म्हणून मान जितकी हळू फिरेल तितका तो बघतो आहे असं वाटतं. हे जमलं तर साध्या चादरीतही सोंग उभं राहतं. आणि हे न जमता दोन हजारांचा पोशाख घातलेलं मूल पार्किंगमध्ये पळत सुटलं की तो नुसता पळणारा पोशाख असतो.

काळजीच्या गोष्टी थोड्या आहेत पण पक्क्या आहेत. पणती, मेणबत्ती आणि फटाके यांच्याजवळ कागद, काड्या, साडीचा पदर येऊ देऊ नका. भुताच्या वेशात फुलबाजी उडवायची नाही. मुखवटा घालून जिना चढायचा-उतरायचा नाही, तो कपाळावर सारायचा. चेहरा रंगवायचा असेल तर पोस्टर कलर वापरू नका. कोल्ड क्रीममध्ये कॉर्नफ्लॉवर कालवला की पांढरा होतो, काळ्यासाठी काजळ, आणि दोन्ही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून तासभर वाट पाहा.

बोहाड्याचे मुखवटे वर्षभर जपून ठेवतात आणि सोंगं निघण्याआधी पुन्हा रंगवतात. तुमचाही मुखवटा फेकू नका. पूर्ण वाळल्यावर आत चुरगळलेली रद्दी भरून आकार धरून ठेवा, जुन्या सुती कापडात गुंडाळा, सोबत कडुनिंबाचा वाळका पाला टाका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलात तर पावसाळ्यात आत बुरशी धरेल. माळ्यावर ठेवताना पत्र्याच्या डब्यात किंवा झाकणाच्या पिंपात ठेवा, कारण मेथीने कीड थांबते, पण मैद्याची खळ उंदरांना आवडते आणि ते सुरुवात नाकापासून करतात.